सोबतीची गाडी

२४ नोव्हेंबर, सोमवार

जटपुरा गेटातून गाडी बाहेर काढता काढता अर्धं आयुष्य संपलं! मधोमध ऑटो उभा. सवारी चढतेय, पिशव्या चढताहेत, एक कोंबडीसुद्धा चढली. मी हॉर्न दिला. ऑटोवाल्याने मान वळवून शांतपणे विचारलं, "उडून जाऊ का बाई?" आणि मागचा बसवाला मला हॉर्न देतोय — जणू उडायचं काम माझ्याकडे होतं!

मग मूल रोड. कोळशाचे ट्रक भर सकाळी अप्पर लाइट लावून अंगावर येतात. साइड मागितली तर देत नाहीत, आणि दिली तर समोरून दुसरा हजर. धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर अख्खा रस्ता व्यापून चाललेला, वर दोन माणसं निवांत निजलेली. मी गाडीत काय काय बोलते ते काच बंद असते म्हणून बरं. आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीवर बसेपर्यंत माझ्यातला सगळा चांगुलपणा रस्त्यावर सांडून गेलेला असतो.

आणि माझ्या मागे मोटरसायकलवर प्रफुल. (चारचौघांत "अहो", वहीत प्रफुल. एवढं तरी!) नवरा-बायको, एकच रस्ता, एकच वेळ, गाड्या दोन. त्याची नोकरी मूल गावातल्या राइस मिलमध्ये, माझं केंद्र त्या गावाच्या अलीकडे. पण बायको चालवत असताना शेजारी बसणार नाही. एकदाच बसला होता. सगळा रस्ता पायाखाली नसलेला ब्रेक दाबत आला आणि उतरला तेव्हा लंगडत होता.

२५ नोव्हेंबर

डोळ्यांत राख, केसांत राख, डब्यातल्या भाजीत राख. वीज केंद्राची राख नेणारे ट्रकवाले ताडपत्री बांधतच नाहीत की बांधून सोडतात, कोण जाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

"सोबत" म्हणे!

देवरावभाऊंच्या चहाच्या टपरीपासून जंगल लागतं ते पार पुढच्या वनखात्याच्या नाक्यापर्यंत. मध्ये ते बांबूचं वळण. वाघाची भीती, म्हणून दुचाकीवाले टपरीवर ताटकळत उभे असतात. चारचाकी दिसली की चहा अर्धा टाकून तिच्या मागे लागतात. याला सोबत घेणं म्हणतात. जिची सोबत घ्यायची तिला विचारायची मात्र पद्धत नाही. आज तिघं असे चिकटले की मी ब्रेक मारला असता तर डिकीत आले असते. नाक्यावर उतरून भांडले. तर त्यांतला एक हात जोडून म्हणाला, "म्याडम, तुमची गाडी हाय म्हून तं जीव हाय."

प्रफुल तेच करतो, माझ्याच मागे. पण सोबत म्हणत नाही. "तुयावर लक्ष ठेवून राह्यलो" म्हणतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विचित्रच झालं. बांबूचं वळण ओलांडून सरळ रस्त्याला लागले, तर समोरच्या ट्रकने डिपर दिला. मग एका जीपने. मग बसने. डिपर म्हणजे, जप, पुढे काहीतरी आहे. मी वेग कमी केला. पुढे काहीच नव्हतं. धुकं आणि रस्ता.

प्रफुल टपरीवर तंबाखूचा खर्रा घ्यायला थांबला होता, तो दहा मिनिटांनी बाकी दुचाकींच्या घोळक्यात नाक्यावर आला. त्याला सांगितलं. "मामा असतील पुढं," म्हणाला, म्हणजे वाहतूक पोलीस. हँडलला लटकणारं हेल्मेट लगेच डोक्यावर चढलं! मूलपर्यंत एकही मामा भेटला नाही. विनाकारण हेल्मेट घालावं लागलं म्हणून संध्याकाळी चिडला तो माझ्यावरच.

२९ नोव्हेंबर

मिथुनच्या गॅरेजात गाडी दाखवली. दिवे ठीक, दारं ठीक, डिकी बंद, टायर शाबूत. "म्याडम, गाडीत काई फॉल्ट नाई," म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे फॉल्ट कोणात आहे ते त्याने ठरवलं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

पुन्हा डिपर. पुन्हा तिथेच, वळण सुटल्या सुटल्या.

आज मी समोरच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडे नीट पाहिलं. धुकं होतं, पण जवळून गेला. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या गाडीच्या मागे बघत होता. रस्त्याकडे, खाली, माणसाच्या उंचीपेक्षा बरंच खाली. आणि त्याचा क्लीनर काच वर करत होता.

मी आरशात पाहिलं. रस्ता रिकामा. कडेचं गवत तेवढं हलत होतं, आणि वारा नव्हता.

प्रफुल आज सुट्टीवर, माझ्या मागे कोणीच नव्हतं. मग डिपर कोणासाठी?

केंद्रात सीताला सांगितलं. सीता आमची परिचर. देवरावभाऊंच्याच, टपरीलगतच्या गावची, सकाळच्या बसने येते. आल्या आल्या माझ्यासाठी लाखोळीच्या भाजीचा डबा टेबलावर ठेवते आणि मग हजेरी लावते. म्हणाली, "म्याडम, तुमच्या कपाळावर लिहून हाय का, डिपर देजा म्हून?" आणि इतकी हसली की रांगेतल्या म्हाताऱ्याही हसायला लागल्या. मीही हसले. पण दुपारी औषधं मोजताना दोनदा चुकले.

२ डिसेंबर

आज काही नाही. एक रानडुक्कर आणि तीन मूर्ख.

३ डिसेंबर, बुधवार

सोमाजी गेला.

दूध घालणारा सोमाजी, दोन्ही बाजूंना कॅन लटकवून जाणारा. मी त्याला ओव्हरटेक करताना नेहमी शिव्या घालायची, कारण तो रस्त्याच्या मधून चालायचा. काल दुपारी एका जीपच्या सोबतीने निघाला. जीप मूलला पोचली, सोमाजी नाही. वळणाच्या पुढे मोटरसायकल आडवी पडलेली सापडली, दूध रस्त्याला वाहत गेलेलं. बाकीचं लिहिवत नाही. जीपवाला बिचारा रडून राहिला म्हणे, "माझ्या मागं कोनी हाय हेच मले माहीत नव्हतं."

टपरीवर सगळे एकच बोलत होते, सोमाजी मागे राहिला. जड कॅन, जुनी गाडी. सोबत सुटली म्हणून गेला. देवरावभाऊ मला म्हणाले, "बाई, तुमी हळू चालवता, तुमची सोबत सगळ्यात चांगली." आजवर माझ्या हळू चालवण्याचं कोणी कौतुक केलं नव्हतं.

४ डिसेंबर

टपरीवर कोणीतरी पाटी लावली आहे, लाल रंगात. "एकटे जाऊ नका. चारचाकीच्या सोबत जा." लोक मला ओळखायला लागलेत. माझी पांढरी गाडी दिसली की हात वर होतात. "सोबतीची गाडी आली!" आज पाच जण मागे होते. मी शिव्या घातल्या नाहीत. आरशात बघत बघत नेलं सगळ्यांना. प्रफुल सगळ्यात शेवटी. मी त्याला खुणेने पुढे बोलावलं तर त्याने न पाहिल्यासारखं केलं.

डिपर एकानेही दिला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात गेलो. मेणबत्ती लावताना माझी काडी दोनदा विझली. प्रफुलने माझा हात धरला आणि लोकांसमोर धरून ठेवला, जे तो कधी करत नाही. घरी येताना एवढंच बोलला, "तू भेवून राह्यली का?" मी म्हटलं, हो.

८ डिसेंबर, सोमवार

आधी हे लिहिते. प्रफुल घरी आहे. आत झोपला आहे. धडधाकट.

आज धुकं नेहमीपेक्षा दाट. टपरीवर बाकीचे थांबले, धुकं उतरू द्या म्हणाले. प्रफुलला घाई, मिलमध्ये मालक यायचा होता. आम्ही दोघंच निघालो, मी पुढे, तो मागे. वळण घेतलं. समोरून ट्रक आला, डिपर! एकदा, दोनदा, आणि मग लावूनच ठेवला. आरशात नुसतं पांढरं. प्रफुलचा दिवा नाही.

मी थांबले. नियम असा की तिथे थांबायचं नाही. मी थांबले, हॉर्न दाबून धरला आणि "प्रफुल" म्हणून ओरडत राहिले, काच बंदच होती तरी.

मागून बस आली आणि तिच्या अगदी पुढे, चाकाला चिकटल्यासारखा, हा. नाक्यावर उतरला. पाणी पाजलं. मग बोलला. जसं बोलला तसं लिहिते.

"तुयी गाडी वळली. मी वळलो. रस्त्यात बसून होता. मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर. मले वाटलं, तुया गाडीकडं पाहून राह्यला असन. नाई. तुयाकडं पाठ होती. तोंड माह्याकडं. मी यायच्या आधीपासून वळणाकडं पाहून राह्यला होता."

मी विचारलं, "मग?"

"मग काई नाई. वाट पाहून राह्यला होता."

मागून बसने हॉर्न दिला तेव्हा उठला आणि बांबूत गेला. घाई नव्हती म्हणे त्याला. जाता जाता थांबून एकदा प्रफुलकडे बघितलं.

९ डिसेंबर, मंगळवार

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. गाडीकडे पाठ.

माझ्या आईकडे एक मांजर होती. मासेवालीची हाक आली की बाकीची मांजरं हाकेच्या दिशेने पळायची. ही उठून सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसायची. मासेवालीशी तिचं काही काम नव्हतं. हाकेनंतर काय येतं ते तिला ठाऊक होतं.

इथे वर्षानुवर्षं चारचाकी गेली की मागून दुचाकी येते. आपणच शिकवलं वाघाला. घोळक्याला तो काही करत नाही, लपून बसतो. पण गाडी जाते, आणि मागे एकटा कोणी उरला असेल तर... सोमाजी सोबत सुटली म्हणून गेला नाही. त्याने सोबत घेतली म्हणून त्याच्याकडे लक्ष गेलं. आणि ते डिपर मला होते! मी पुढे गेल्यावर तो रस्त्यावर येऊन बसायचा, ते समोरच्यांना दिसायचं. मी दर सकाळी त्याला उठवत होते. माझी हळू चालणारी चांगली गाडी!

जाताना देवरावभाऊंना सांगितलं. ते चहा गाळत ऐकत होते. म्हणाले, "जनावराले काय समजते बाई सोबत-बिबत? माह्या बापाच्या काळापासून लोक असेच जाऊन राह्यले." पाटी काढा म्हटलं. "पाटी काढली अन् कोनी एकटा गेला, तं?" नाक्यावरच्या गार्डला सांगितलं तर म्हणाला, म्याडम, अर्ज द्या. देईन.

सीता विचारत होती, "म्याडम, चेहरा काऊन असा?" तिला काही बोलले नाही. ती बसने येते, तिला कशाला भेडसवायचं. आणि खरं सांगायचं तर मला एकाच माणसाची काळजी आहे. बाकी जगाचा अर्ज सोमवारी.

१० डिसेंबर

भांडण. "आजपासून माझ्या गाडीत बसा." "नाई बसत." "का?" "मिलवाले काय म्हनतीन? बायको सोडाले येते?" वाघ पाहिला तरी मिलवाल्यांची भीती जास्त!

शेवटी तोडगा काढला त्यानेच, डिकीला चिकटून येतो म्हणाला. आलाही. मी सायकलच्या वेगाने चालवलं, एक डोळा समोर, एक आरशात. मागे ट्रकची रांग लागली, सगळे हॉर्न देत होते. एकाने ओव्हरटेक करताना खिडकीतून आई-बहीण काढली. काढ बाबा. वळणावर मी श्वास धरला होता, तो नाक्यावर सोडला.

११ डिसेंबर

मोटरसायकलची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. त्याने ती शोधली नाही. बसने गेला. माझ्याशी बोलला नाही, पण बसने गेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जेवताना आपणहून बोलला.

"त्या दिवशी मी ब्रेक नव्हता मारला," म्हणाला. "गाडी बंद पडली आपोआप. मी पाय टेकून तसाच बसलो. हॉर्न द्याचं सुचलं नाई, पळाचं सुचलं नाई. तुया गाडीचा लाल दिवा धुक्यात जाताना दिसत होता. मले वाटलं, हिले कळनारच नाई. मूलले पोचन अन् मंग मागं पाहीन."

मी त्याच्या ताटात भात वाढत राहिले, नको म्हणाला तरी वाढत राहिले. मग म्हणाला, "सोमवारपासून बसतो तुया बाजूला. पन तू ट्रकवाल्याइले शिव्या द्याच्या नाई."

कबूल. बाबा रे, कबूल!

१३ डिसेंबर

अर्ज लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. पाहुणे आले.

१५ डिसेंबर, सोमवार

केंद्रात बसून लिहितेय. आज सगळ्यांच्या आधी पोचले, कुलूपसुद्धा मीच उघडलं. इतकं हलकं वाटतंय की वही पर्समध्ये घालूनच आणली होती.

प्रफुल बसला! शेजारी, पट्टा लावून, मांडीवर डबा. जटपुरा गेटात ऑटो आडवा आला तेव्हा मी एक शब्द बोलले नाही, तर यानेच काच खाली करून त्याचा उद्धार केला. मूल रोडला लागल्यावर पाय सुरू. ब्रेक, ब्रेक, ब्रेक. मी म्हटलं, चटई फाटेल. म्हणाला, "तू पुढं पाह, माह्या पायाकडं पाहू नको." लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण आमचा असा प्रवास आजवर झाला नव्हता.

टपरीवर थोडे लोक उभे होते. कोणी हात केला असेल, मी थांबले नाही, वळूनही पाहिलं नाही. आज माझ्या मागे यायचं कोणालाच नको होतं मला, आणि माझा माणूस तर माझ्याजवळ होता. वळण आलं. वळण सुटलं आणि समोरून ट्रक — डिपर! प्रफुलने माझा दंड पकडला. आम्ही दोघांनी एकदमच आरशात पाहिलं. धुकं. कोणी नाही. तो हळूच म्हणाला, "बसला असन वाट पाहत." आणि मग, "बसू दे लेकाले! आज कोनी येत नाई." मला एकदम हसू फुटलं. त्यालाही. असे हसलो, जसं काही आम्ही कोणाच्या तोंडचा घास पळवून आणला होता. मी पाय दाबला आणि गाडी अशी सोडली, अशी सोडली, की नाका कधी आला कळलंच नाही. आणि त्या वेगातही तो ब्रेक दाबायचा विसरला.

मूलला त्याला मिलच्या दारातच सोडलं आणि केंद्राकडे परत फिरले. मिलवाले बघत होते. बघू देत.

१५ डिसेंबर, पुन्हा

सीता आली नव्हती, तिचा फोनही लागेना, म्हणून देवरावभाऊंना फोन केला.

म्हणाले, "बाई, आज बस आलीच नाई. तुमची गाडी दिसली तशी तिनं भावाची स्कूटी काढली अन् लागली तुमच्या मागं. म्याच म्हटलं तिले, जाय बापा, म्याडमची गाडी हाय, सोबत चांगली हाय."

मी टेबलाकडे पाहिलं, डबा नव्हता. ते म्हणाले, "पोचली ना?"